धग आणि ओल

कॉलेजच्या होस्टेलवर एके काळी एक उद्योग सर्रास चाले. कुरळ्या केसांची पोरगी टेबलाशी मान वाकवून बसायची, केस टेबलावर पसरायची, वर ओढणी टाकायची आणि मैत्रीण त्यावरून कपड्यांची इस्त्री फिरवायची. कुणाचा कान पोळायचा, कुणाच्या केसांना करपट वास यायचा, पण स्नेहसंमेलनाच्या फोटोत केस सरळ दिसायचे. त्या इस्त्रीची जागा आता दोन तापलेल्या पट्ट्यांच्या चिमट्यानं घेतली आहे. दुकानात त्याला स्ट्रेटनर म्हणतात, पार्लरमध्ये त्या कामाला 'प्रेसिंग'. धाराशिवपासून उमरग्यापर्यंत लग्नसराईत पार्लरवालीचं त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि घरोघरच्या कपाटातही तो येऊन बसला आहे.

केसांची नासाडी न होता हे जमतं का, हा वाद मी दोघींच्या तोंडी घातला आहे. आत्या लाँड्रीवाली, भाची पार्लरवाली. दोघी लेखापुरत्या उभ्या केलेल्या. त्यांच्या बोलण्यातली माहिती मात्र खरी. दोघींचं पोट धगीवरच चालतं, म्हणून भांडण जुंपतं.

आत्या : माझा उभा जन्म इस्त्रीपाशी गेला. आधी कोळशाची, मग विजेची. सूत, टेरिकॉट, रेशीम, वकिलाचा कोट, सगळं हाताखालून गेलं. धगीला माया नसते, पोरी. एकदा कापड करपलं की गिऱ्हाईकाला तोंड दाखवायची सोय नाही. आणि तू तर बाईच्या डोक्याशी दोनशे अंश घेऊन खेळायलीस.

भाची : खेळत नाही, आकडा लावून करते. बरं, सुती सदऱ्याला तू आधी काय करायचीस?

आत्या : पाणी शिंपडून गुंडाळून ठेवायची. ओल लागल्याबिगर सुताची चुणी मरत नाही.

भाची : कापूस आणि केस तिथंच वेगळे पडतात. केसाला ती ओलच भोवते.

भाचीचं म्हणणं थोडं उलगडून सांगायला हवं, कारण सगळा वाद याच्याभोवती फिरतो. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. हायड्रोजन बंध कच्चे. पाण्यानं किंवा उष्णतेनं सुटतात आणि केस वाळून थंड झाला की नव्या जागी पुन्हा बसतात. गंधकाचे बंध पक्के. ते तोडायला रसायन लागतं. चिमटा फक्त कच्च्या बंधांना हात घालतो, म्हणून एकदा न्हाणं झालं की केस पुन्हा मूळच्या वळणावर. सुताची चुणीही हायड्रोजन बंधांनीच धरलेली असते, त्यामुळे आत्याला दोन्ही कामं एकच वाटतात, ते चूक नाही. पण सुताच्या विणीतून वाफ मोकळी निघून जाते. केसाला बाहेरून खवल्यांचं कवच असतं. आतलं पाणी एकदम उकळलं तर वाफेला वाट मिळत नाही, ती केसाच्या गाभ्यात बुडबुडे पाडते, आणि पुढे केस नेमका तिथंच तुटतो. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. केस कुरळे करायचा 125 अंशांचा चिमटा ओल्या केसावर मिनिटभर धरला तरी एवढं होऊ शकतं. कोरड्या केराटिनची घडण साधारण 230 अंशांच्या पुढे मोडते, ओल्याची 150 च्या आसपासच. म्हणजे मशीनवरचा 180 हा एकच आकडा एका बटेला झेपतो आणि शेजारच्या दमट बटेला भाजून काढतो.

आत्या : आणि तो चर्र आवाज येतो, तो कशाचा?

भाची : त्याच पाण्याचा. गिऱ्हाईक म्हणतं सिरम तापलं. सिरम तापलं काय नि पाणी उकळलं काय, आवाज आला की मी हात काढून घेते. खोक्यावर 'ओल्या केसांवरही चालते' असं छापलेलं असलं तरी मी नाही चालवत.

आत्या : मग ड्रायरनं वाळवतेस, म्हणजे आणखी एक धग. आमच्या वेळी न्हाणं झालं की उन्हाकडे पाठ करून बसायचं. आपोआप वाळायचे. कुणाचं काय बिघडलं?

भाची : कोरियात 2011 साली हे तपासून बघितलंय. केसांचे झुबके रोज धुवायचे, काही तसेच वाळू द्यायचे, काही ड्रायरनं. ड्रायर पाच सेंटिमीटरवर धरला तर केसापाशी 95 अंश भरायचे, पंधरावर धरला तर 47. जवळून वाळवलेल्यांची वरची खवली खराब झाली. पण आतल्या पेशींना चिकटवून ठेवणारा जो थर असतो, तो बिघडला फक्त आपोआप वाळलेल्या केसांचा. लई वेळ ओले राहिल्यामुळे. वीतभर अंतर ठेवून ड्रायर हलता ठेवला तर तोच बरा, असं त्यांनी काढलं.

आत्या : झुबक्यावर ना? डोक्यावर नाही.

हा टोला आत्याचा बरोबर बसला. कापलेल्या केसांच्या झुबक्यांवरचा तो प्रयोग. ऊन, वारा, घाम, उशी यांतलं काही त्यात नव्हतं. तरीही 'आपोआप वाळलेलं ते सात्त्विक' ही समजूत हलवायला तो पुरेसा आहे. वेणी घातलेली, आत ओल धरून दिवसभर आंबट वास मारणारी डोकी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आत्या : आकडे राहू दे बाजूला. तू डोकं धुतेस कशानं, ते सांग.

भाची : शाम्पूनं.

आत्या : पाणी कुठलं म्हणते मी. बोअरचंच ना? त्या पाण्यानं साबणाला फेस यायचा नाही. पांढरा सदरा चार धुण्यांत पिवळट पडायचा. डाळ शिजायची नाही त्यात. उन्हाळ्यात टँकर यायचा, तो कुठल्या विहिरीचा ते देवाला ठाऊक. कापडाची ती गत, तर केसाची काय?

इथं मला आत्याचं पारडं जड वाटतं. पार्लरच्या कोर्समध्ये मशीन शिकवतात, पाणी शिकवत नाहीत. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर बसलं आहे, खाली काळा खडक, वर बेभरवशाचा पाऊस. शहराला उजनीचं पाणी येतं, पण कितीतरी वस्त्या आणि गावं बोअरवर आणि उन्हाळ्यात टँकरवर असतात. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी केसांची कुणाला पडली होती! पण खोल बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात हे खरं. केस राठ लागतो, गुंततो, पट्ट्यांमधून अडखळत सरकतो. मग हात आपसूक दुसऱ्यांदा फिरतो, तिसऱ्यांदा फिरतो, आणि शेवटी आकडा वाढवला जातो. दोष मशीनच्या नावावर जमा होतो, सुरुवात झालेली असते नळाशी.

भाचीनं यावर काढलेला तोडगा साधा आहे. डोकं बोअरच्या पाण्यानं धुतलं तरी शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे. वीस लिटरचा जार आता गल्लीबोळात मिळतो, त्यातलं पाणी बहुधा आरओचं. महिन्यातून एकदा क्षार काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू. ज्यांना तो परवडत नाही त्यांना तांब्याभर पाण्यात थोडा लिंबाचा रस. शुद्ध लिंबू डोक्याला चोळणाऱ्या बायकांना ती हात जोडते.

आत्या : आणि तेल? तेलाला तू पार सुट्टीच दिलीस.

भाची : सुट्टी नाही, वेळ बदलली. खोबरेल धुण्याच्या आधी. इस्त्रीच्या आधी कधीच नाही.

आत्या : खोबरेल म्हणजे कंपन्यांची जाहिरात.

भाची : प्रयोग कंपनीचाच होता, ते लपवत नाही. मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेळे आणि मोहिले यांनी 2003 साली छापलेला. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल, तिन्ही लावून बघितली. धुताना केसातलं प्रथिन वाहून जातं, ते फक्त खोबरेलानं कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात.

आत्या : घाण्यावरचं करडईचं?

भाची : ते त्यांनी घेतलंच नव्हतं. आपल्याकडं पिकतं ते कोण तपासणार? पण कुठलंही तेल चोपडून वर चिमटा फिरवला तर ते केसावर तळलं जातं. धूर निघतो तो उगाच नाही.

आता जरा भाचीचा हात बघू. तुळजापूरची एक ऑर्डर आहे, नवरीचे केस कमरेपर्यंत, कुरळे, बऱ्यापैकी राठ. केस कालच धुतलेले, आज मुळापर्यंत कोरडे. ती बोटं आत घालून टाळू चाचपून बघते, कारण वरून वाळलेला केस मानेपाशी दमट असतो. केसांचे चार भाग करून त्यांतल्या तिनांना क्लचर लावले. मानेकडून सुरुवात. दोन बोटं रुंदीची बट, आणि एवढी पातळ की पलीकडचा कंगवा दिसावा. हीट प्रोटेक्टंटचा फवारा, मग थांबणं. फवाराही ओलच आहे, तो सुकू द्यावा लागतो. त्यातलं सिलिकोन केसावर पातळ थर धरतं, उष्णता थोडी सावकाश पोचते आणि पट्टी घसरते. ढाल नव्हे ती. बाटलीवर 230 अंशांपर्यंत संरक्षण असं लिहिलेलं असतं, त्यावर ती विश्वास ठेवत नाही.

मशीन 180 वर. आधी मानेमागची एकच बट करून बघितली. वास नाही, धूर नाही, बट सरळ. मग पुढे. मुळापासून बोटभर अंतर सोडून चिमटा मिटायचा आणि एकाच गतीनं खाली न्यायचा. कंगवा पुढे, चिमटा मागे. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथं आडवी रेघ उमटते आणि तिथलाच केस पहिला तुटतो. टोकाशी आल्यावर ती पकड सैल सोडते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपाशी आलेलं टोक चार-पाच वर्षांचं म्हातारं आहे. त्यानं तेवढे उन्हाळे आणि तेवढं बोअरचं पाणी सोसलेलं आहे. एका बटेवर एकदाच. सरळ झालेली बट लगेच कानामागे टाकायची नाही, रबर लावायचं नाही. बंध थंड होताना बसतात, तेव्हा जो आकार मिळेल तोच टिकतो.

रंगवलेल्या किंवा बारीक केसांना ती दीडशेच्या वर जात नाही. मध्यम केसांना 160 ते 180. राठ केसांना कधी 190. त्यापुढचे आकडे मशीनवर असतात, वापरण्यासाठी नसतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्लाही याच बाजूचा: केस कोरडे, धग कमी किंवा मध्यम, आणि एक दिवसाआडपेक्षा जास्त नको. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनवर मात्र आकडाच नसतो. एक बटन, चालू किंवा बंद, आणि ठरलेली धग दोनशेच्या आसपास. नाजूक केसांच्या मुलीनं असलं मशीन घेऊच नये. कमी दरातलं ते शेवटी महागात पडतं.

आत्या : हे बघ, हात तुझा चांगला आहे. माझाही होता. पण लाईट जाते तेव्हा?

भाची : लाईट गेली तर मशीन बंद.

आत्या : मशीन बंद, पण बटन चालू. पोरगी वैतागून ते गादीवर टाकते आणि बाहेर जाते. तासाभरानं लाईट येते. माझ्या दुकानात असं झाल्यावर टेबलाची घोंगडी जळाली होती. लाईट गेली की आधी पिन काढायची, हे पाटीवर लिहून ठेव.

त्याला भाचीकडे उत्तर नव्हतं. मराठवाड्यात राहून हे न सांगणारी यंत्राची माहितीपुस्तिका मला अपुरीच वाटते.

तुळजापूरची नवरी दिवसभर सरळ केसांनी मिरवणार, यात शंका नाही. पठाराची हवा कोरडी, हवेतली ओल केसात शिरून बंध सोडवायला इथं वेळ लागतो. हाच केस मुंबईला दादरच्या हॉलमध्ये नेला तर जेवणाच्या पंगतीपर्यंत फुगेल. श्रावणात धाराशिवलाही फुगतो. मग 'रोजची कटकटच नको' म्हणून पोरी 'केराटिन' नावाची ट्रीटमेंट करून घ्यायला येतात, त्याबद्दल भाची बोलायला फार उत्सुक नसते, कारण पैसा त्यातच आहे. आत्यानं खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं ते असं: त्यासाठी लावायच्या क्रीममध्ये कधी फॉर्मल्डिहाइड असतं, कधी तापवल्यावर ते सोडणारी द्रव्यं, म्हणून चिमटा फिरवताना डोळे चुरचुरतात. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक आम्ल आलं, तर 2024 च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिकत छापली; तीन वेळा असं करून घेतलं आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. भाची आता बाटलीवरचे घटक वाचते आणि ज्या बाटलीवर लिहिलेलंच नाही ती घेत नाही. धंद्यातल्या सगळ्याच असं करतात असं मी म्हणणार नाही.

आत्या : एवढं सगळं कशापायी? बघायला येणारे म्हणतात पोरीचे केस पिंजारलेत, म्हणून?

भाची : तसंच काही नाही. तिला आवडतं.

आत्या : तिला कधीपासून आवडायला लागलं ते विचार. आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघ, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाहुल्या आहेत. काय एकेकीची केशरचना! कुणाचेही केस चिमट्यातून काढलेले नाहीत.

भाची : रचना म्हणजे कष्टच की, आत्या. त्याही बायका तासभर आरशापुढे बसतच असतील.

दोघींचंही बरोबर आहे, आणि ते एकमेकांना पटत नाही. केसांना धग देण्याची हौस जुनी. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोनं तापलेल्या चिमट्यानं लाटा पाडायची रीत 1872 च्या सुमाराला लोकप्रिय केली, ती सरळ केसांना वळण देण्यासाठी. उलट्या बाजूचं दुखणं अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी पुष्कळ सोसलं. नोकरी हवी तर केस दाबून सरळ करा, हा अलिखित नियम इतका मुरला होता की 2019 मध्ये कॅलिफोर्नियाला नैसर्गिक केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा करावा लागला. आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात असा नियम कुणी बोलून दाखवत नाही. मुलीचीच आई आदल्या दिवशी पार्लरला फोन करते.

तर मग माझं मत. केस अजिबात खराब न होता धगीनं सरळ होतात, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. केस मेलेला असतो. त्याची जखम भरून येत नाही, फक्त कात्री तिला काढू शकते. कोरडा केस, कमी आकडा आणि एकच फेरा, एवढं पाळलं तर नुकसान इतकं थोडं होतं की लग्नाच्या एका दिवसासाठी ते खुशाल सोसावं. नवरीच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूची. पण दर सोमवारी कॉलेजच्या आधी प्रेसिंग करून जाणारी अकरावीतली पोरगी आहे ना, तिच्या बाबतीत मला आत्या बरोबर वाटते. टोकांना फाटे फुटलेत, कपाळाजवळचे केस तुटून आखूड उभे राहिलेत, आणि दर आठवड्याला आकडा पाच-दहानं वर जातोय.

भाची : तिला नाही म्हटलं तर ती ऑनलाइन मशीन मागवेल. सकाळी बसच्या घाईत ओल्या केसांवर फिरवेल. माझ्याकडे निदान वाळवून तरी होतात.

आत्या : तो तुझा धंद्याचा युक्तिवाद झाला.

भाची : असू दे. खोटा आहे का?

आत्या : खोटा नाही. म्हणून तर म्हणते, नाही म्हणू नकोस. पैसे घे आणि तिचेच केस तिला सांभाळायला शिकव. कुरळे केस वाळल्यावर विंचरले की पिंजारतात. ते ओले असताना कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर विंचरायचे. हे तूच मला मागं सांगितलंस की. पोरीला का नाही सांगत?

भाची : ते शिकायला कोण येतंय?

आत्या : कसं येईल? बाहेर पाटीवर काय लिहिलंयस? प्रेसिंग, स्मूदनिंग, केराटिन. कुरळ्या केसांचं एक अक्षर नाही.

पाटी नव्यानं करायला फ्लेक्सवाला किती घेईल, यावर मग दोघींचा हिशेब चालला. 'कुरळ्या केसांची निगा' लिहायला भाची तयार झाली, पण ते सगळ्यांत वर लिही हा आत्याचा आग्रह तिला मान्य नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. ती संपेपर्यंत तरी वरची ओळ प्रेसिंगचीच राहणार, असं ती ठासून म्हणते आहे.